सेबल ब्रश आणि रत्नागिरीचा पावसाळा : अकरा महिन्यांनंतर

विन्सर अँड न्यूटन या इंग्लिश कंपनीच्या सिरीज ७ मधला आठ नंबरचा ब्रश मी गेल्या दिवाळीत घेतला. त्या पैशांत बऱ्यापैकी सिंथेटिक ब्रश डझनभर आले असते, त्यामुळे मनाची तयारी व्हायलाच वर्ष गेलं. आता अकरा महिने झालेत. आठवड्यातून चार-पाच दिवस जलरंगात काम होतं, मध्ये कोकणातला अख्खा पावसाळा गेला, आणि तरीही ब्रश भिजवून मनगटाला एक झटका दिला की टोक पहिल्या दिवसासारखं जुळतं.

ही मालिका १८६६ सालची, राणी व्हिक्टोरियासाठी बनवलेली. केस कोलिन्स्कीच्या, म्हणजे सायबेरियातल्या विझल नावाच्या छोट्या प्राण्याच्या शेपटीचे; अशा केसांच्या ब्रशलाच सेबल म्हणतात. ब्रश पोटात इतकं पाणी धरतो की एका भरणीत आभाळाची मोठी पट्टी ओढून होते आणि त्याच ब्रशने होडीची डोलकाठीही काढता येते. चित्र काढताना तो कसा वागतो याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. मला सांगायचंय ते चित्र संपल्यानंतरचं.

ब्रश खराब होतो तो बहुतेक वेळा फेरूलपाशी, केस धातूच्या नळीत शिरतात तिथे. तिथे रंग सुकला की केस मुळातून फाकतात आणि मग टोक कधीच नीट जुळत नाही. म्हणून रंग भरताना मी केसांच्या दोन तृतीयांशाच्या वर रंग चढू देत नाही. काम झाल्यावर साधं पाणी, मग ग्लिसरीनच्या साबणावर हलकेच फिरवणं, तळहातावर मुळापासून टोकाकडे चोळणं, फेस पांढरा येईपर्यंत. गरम पाणी नको, आतला चिकटा सैल होतो. भांड्याचा साबणही नको, केसांचं मूळचं तेल निघून जातं. शेवटी बोटांनी टोक जुळवायचं आणि ब्रश आडवा ठेवायचा. ओला ब्रश उभा करून ठेवला तर पाणी दांड्यात उतरतं, लाकूड फुगतं, वरचा रंग तडकतो आणि फेरूल हलायला लागतं. पाण्याच्या बरणीत टोकावर उभा ठेवणं तर दहा मिनिटंही नको.

जुलैत मात्र मी चुकलो. संध्याकाळी धुतलेला ब्रश वरून कोरडा वाटला म्हणून पत्र्याच्या डब्यात घालून झाकण लावलं. पाच दिवसांनी उघडला तर कुबट वास, आणि मुळाशी बुरशीची करडी साय. त्याच डब्यात खारीच्या केसांचा एक जुना ब्रश न धुता पडला होता, त्याला कसर लागून अर्धे केस कुरतडलेले. सेबल वाचला, पण दोन दिवस जिवाला चैन नव्हतं.

तेव्हापासून सगळे ब्रश बांबूच्या काड्यांच्या चटईत गुंडाळतो. हवा खेळते, केसांना काही टेकत नाही. पावसाळ्यात धुतल्यावर पूर्ण एक दिवस पंख्याखाली, मगच चटईत. जवळ कापडात बांधलेल्या दोन डांबरगोळ्या. ब्रशबरोबर येणारी प्लॅस्टिकची नळी फक्त प्रवासात घालतो, तीही ब्रश वाळल्यावर आणि फार सावकाश. घाईत सरकवली की काठाचे एक-दोन केस उलटे दुमडतात. माझे दुमडलेच होते. डिंकाच्या पातळ पाण्यात भिजवून टोक जुळवलं, दोन दिवस तसंच सुकू दिलं, मग धुतलं. केस सरळ झाले.

ॲक्रिलिक आणि मास्किंगचं द्रव (कागदाचा भाग कोरा राखायला लावतात ते) या ब्रशला कधीच लावू नका. एकदा सुकलं की निघत नाही. त्या कामाला सिंथेटिक ठेवा. त्याचं टोक वाकलं तर गरम पाण्यात क्षणभर बुडवून सरळ होतं, हा त्याचा मोठा गुण.

आणि कुणी स्वस्तात मुंगसाच्या केसांचा ब्रश देऊ केला तर घेऊ नका. मुंगूस १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे, ते केस जाळ्यात पकडून मारलेल्या जनावरांचे असतात. सेबल परवडत नसेल तर चांगला सिंथेटिक घ्या आणि त्यालाही असंच धुवा.