लॅटेक्सच्या गादीच्या नावाखाली मला ४३,८०० चा चुना लागला

हे लिहायला मला जवळजवळ दोन वर्षं लागली कारण लाज वाटत होती. ऑफिसात मी रिव्ह्यू वाचून वस्तू घेणारा माणूस म्हणून प्रसिद्ध आहे, लोक मिक्सर घेताना, गिझर घेताना मला फोन करतात, आणि त्याच मला एका गादीवाल्या वेबसाइटने शेंडी लावली. रक्कम आधीच सांगून टाकतो. गादीचे ४३,८००, वर नो-कॉस्ट ईएमआयची प्रोसेसिंग फी १९९ आणि त्यावरचा जीएसटी, म्हणजे २३४ रुपये ८२ पैसे. एकूण ४४,०३४.८२. त्यातले ५०० परत मिळाले, ते कसे मिळाले ते पुढे येईलच, आणि तोच भाग लिहायला सगळ्यात जड जातोय.

२०२३ च्या पावसाळ्यात माझी मणक्यातली गादी सरकली. डॉक्टर म्हणाले झोपायला फार मऊ नको, फार कडक नको, मधलं काहीतरी बघा. एवढंच. लॅटेक्स, म्हणजे रबराच्या झाडाच्या चिकाचा फोम, हा शब्द त्यांनी उच्चारला नव्हता, तो माझ्या डोक्यात मोबाइलने घातला. तीन आठवडे रोज रात्री तेच वाचन. लॅटेक्स बनवायच्या दोन पद्धती, डनलॉप पद्धतीत रबराच्या चिकाचा फेस करून साच्यात ओततात आणि वाफेवर पक्का करतात, तलाले पद्धतीत मध्ये साच्यातली हवा ओढून फेस गोठवतात, हे सगळं मी जेवताना बायकोला समजावून सांगत होतो. आई म्हणाली, "म्हणजे डनलॉपची गादी ना रे? मग त्यात एवढं काय?" आमच्याकडे जुनी माणसं कुठल्याही फोमच्या गादीला डनलॉपच म्हणतात, मी हसलो. शेवटी घरात जे आलं ते बघता आईचंच बरोबर निघालं.

वेबसाइटवर केरळातले रबराचे मळे, झाडाला बांधलेली करवंटी, तीत थेंब थेंब पडणारा पांढरा चीक. मोठ्या अक्षरात १०० टक्के नॅचरल लॅटेक्स. एमआरपी ८९,९९९ वर काट मारलेली, ऑफर ४६,८००. खाली सर्टिफिकेटचे गोल गोल शिक्के. त्यातला एक गॉट्सचा होता, आणि गॉट्स हे कापडाचं सर्टिफिकेट असतं, म्हणजे वरच्या सुती कव्हरचं! लॅटेक्ससाठी गोल्स असतं, एका अक्षराचा फरक. तेव्हा मला एवढंच दिसलं की शिक्का आहे. सर्टिफिकेट कुणाच्या नावावर आहे, त्याचा नंबर देणाऱ्या संस्थेच्या साइटवर टाकला तर काय येतं, हे बघायला पाच मिनिटं लागतात. मी तीन आठवडे वाचत होतो आणि ही पाच मिनिटं काढली नाहीत.

आता रिव्ह्यू. ४.८ स्टार, दोन हजाराच्या वर. मी काही बावळट नाही, फक्त कंपनीच्या साइटवर विश्वास ठेवला नव्हता, बाहेरही शोधलं. 'भारतातल्या टॉप दहा लॅटेक्स मॅट्रेस' छाप चार पानं वाचली, चारही ठिकाणी ही पहिल्या तीनात. चारही पानांवरच्या 'किंमत बघा' बटणाच्या लिंकमध्ये मागे लांबलचक शेपूट होतं, म्हणजे आपण घेतलं की त्यांना कमिशन. पाठदुखीवाल्यांच्या एका ग्रुपमध्ये एक ताई होत्या, फार गोड लिहायच्या, म्हणाल्या मी सहा महिने वापरतेय, आणि इनबॉक्समध्ये कूपन कोड पाठवला, ३,००० कमी. कोडमध्ये त्यांचंच नाव! ज्या बाईच्या नावाचं कूपन निघतं ती साधी गिऱ्हाईक कशी असेल, हा प्रश्न मला पडायला हवा होता. मला पडला फक्त तीन हजार वाचल्याचा आनंद. दसऱ्याच्या मुहूर्तावर ऑर्डर टाकली.

आणि आता तो क्षण. डिलिव्हरीला एकच पोरगा आला, विशीतला, काटकुळा. आमची लिफ्ट बंद होती, तिसरा मजला. मी खाली जाऊन म्हटलं थांब, वॉचमनला बोलावतो, दोघं मिळून आणा. तो म्हणाला, "कशाला काका, हलकीय." बॉक्स खांद्यावर टाकला, दुसऱ्या हातात मोबाइल, आणि बोलत बोलत तीन जिने चढला. बायको म्हणाली, "अहो, तुम्ही तर म्हणत होता दोन माणसं लागतील." मी म्हटलं सवय असते गं त्यांना. त्याला ५० रुपये वर दिले आणि शाबासकी दिली.

तिथेच, जिन्यात, सगळं उघड होतं. लॅटेक्स जड असतं हे मी स्वतः वाचलेलं होतं. साइटवर डेन्सिटी ७५ लिहिली होती, म्हणजे एका घनमीटरला ७५ किलो. माझी गादी ७५ बाय ६० इंच, जाडी ६. इंचाचे मीटर करून गुणाकार करा, ०.४४ घनमीटर येतं, गुणिले ७५, तेहतीस किलोच्या आसपास, वर कव्हरचं वजन वेगळं. हा सातवीतला हिशोब आहे. तेहतीस-पस्तीस किलोची लोळणारी गादी एका खांद्यावर टाकून फोनवर गप्पा मारत तिसऱ्या मजल्यावर कुणी जात नाही. मी बी.कॉम. आहे, दिवसभर आकडेच करतो, पण त्या दिवशी केला नाही.

बॉक्समध्ये गुळगुळीत कागदाचं एक कार्ड होतं. पाच स्टारचा रिव्ह्यू टाका, स्क्रीनशॉट व्हॉट्सअॅप करा, ५०० रुपये कॅशबॅक. खाली सूचना: 'तुमची पाठदुखी कशी गेली ते लिहा, पहिल्या रात्रीचा अनुभव लिहा.' मी लिहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी, चहा पिता पिता. "दोन दिवसांत फरक जाणवला, पैसा वसूल." दोन रात्रीही झाल्या नव्हत्या. पाच मिनिटांत यूपीआयवर ५०० आले आणि मी बायकोला म्हटलं बघ, कसली प्रोफेशनल कंपनी आहे. तुम्ही हसाल, हसा. पण खरं सांगा, असं कार्ड आल्यावर तुमच्यापैकी किती जणांनी नाही टाकला? तेव्हा मला एवढंही सुचलं नाही की मी वाचलेले ते दोन हजार रिव्ह्यू माझ्यासारख्यांनीच पहिल्या सकाळी चहा पिता पिता लिहिलेले असणार. नंतर मी ते परत तारखेप्रमाणे लावून वाचले. बहुतेकांत 'पहिल्याच रात्री', 'दोनच दिवसांत', 'काल डिलिव्हरी मिळाली'. वर्षभर झोपून लिहिलेला शोधून शोधून सापडला नाही. व्हेरिफाइड बायर लिहिलेलं असतं ते खोटं नसतं, मीही व्हेरिफाइडच होतो. गादीचे रिव्ह्यू वाचायचे तर दोन आणि तीन स्टारवाले, आणि तेही जे म्हणतात 'आधी पाच दिले होते, आता कमी करतोय'.

१०० रात्रींची ट्रायल होती ना, मग परत का नाही केली, असं सगळे विचारतात. अहो, शंभर रात्री कुठलाही नवा फोम छानच लागतो, म्हणून तर ट्रायल शंभर रात्रींची असते! मे महिन्यात, म्हणजे सातव्या महिन्यात, माझ्या बाजूला खड्डा पडायला लागला. जूनमध्ये सकाळी उठलो की कंबर धरून बाथरूमपर्यंत जायचो. दहा वर्षांची वॉरंटी आहे म्हणून फोन केला, अकरा दिवसांनी माणूस आला. त्याने गादीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत सुतळी ताणली, मधोमध पट्टी उभी धरली. बावीस मिलिमीटर. वॉरंटी पंचवीसच्या वर. गादीवर कुणी नसताना मापायचं असतं हं, मी म्हटलं मी झोपतो आणि मग माप, तर म्हणाला, "सर, पॉलिसीत तसं नाही." तीन मिलिमीटरसाठी दहा वर्षांची वॉरंटी गेली.

त्या रविवारी चिडून मी कव्हरची चेन उघडली. चेन उघडली तर वॉरंटी बाद असं लेबल होतंच, पण आता होतं काय गमवायला. वर एक इंचाचा पिवळसर थर, त्याला एकसारखी बारीक भोकं, तो लॅटेक्सचा. त्याखाली गोंदाची वाळलेली रेघ. आणि त्याखाली पाच इंच साधा पांढरा फोम. कोपऱ्यावरच्या गादी कारखान्यातले चाचा येऊन बघून गेले, त्यांचे वडील कापूस पिंजायचे, आता ते सगळंच करतात. त्यांनी वरचा थर अंगठ्याने दाबला, मग खालचा दाबला, कडेचा एक बारीक तुकडा चिमटीत घेऊन चोळला. म्हणाले, "साहेब, वरचं खरंय, पण भाकरीवर लोण्याचा हात फिरवावा तेवढंच. खालचा फोम मी तुम्हाला उद्या आणून देतो, सगळं मिळून आठ-नऊ हजारात." मग भंगारवाल्याच्या काट्यावर ठेवली. कव्हरसकट १९ किलो २०० ग्रॅम.

कंपनीचं उत्तर ऐका. 'आमच्या कम्फर्ट लेयरमध्ये १०० टक्के नॅचरल लॅटेक्स आहे, प्रॉडक्ट पेजवर लेयरची माहिती दिलेली आहे.' कम्फर्ट लेयर म्हणजे तो वरचा एक इंच. माहिती होती, खरंच होती. पानाच्या पार तळाशी, बटण दाबलं की उघडणाऱ्या चौकटीत, 'सपोर्ट कोअर: एचआर फोम', म्हणजे खालचा मुख्य थर कृत्रिम फोमचा. म्हणजे शब्दशः त्यांनी खोटं बोललंच नाही. म्हणून सांगतो, कोअर कशाचा आहे आणि प्रत्येक थर किती इंचाचा आहे हे ईमेलवर लेखी मागा, फोनवर नाही. लेखी द्यायला जो टाळाटाळ करतो त्याचं उत्तर तिथेच मिळालं. बिलावरही तेच लिहून मागा, माझ्या बिलावर नुसतं 'मॅट्रेस' आहे. आणि मेलच्या शेवटी ठसकेबाज ओळ: 'आपण स्वतः आमच्या प्रॉडक्टला पाच स्टार दिलेले आहेत, स्क्रीनशॉट सोबत जोडत आहोत.'

परत घेतो म्हणाले, पिकअप चार्ज २,४९९, आणि रिफंड बँकेत नाही, त्यांच्याच साइटवर क्रेडिट. म्हणजे अजून एक गादी घ्या!

मग सुरू झाली सरकारी वारी. ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांत स्पष्ट आहे की तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात, विक्रेत्याने स्वतःच गिऱ्हाईक बनून रिव्ह्यू लिहायचे नाहीत. कागदावर सगळं आहे. ग्राहक हेल्पलाइनला फोन केला, तक्रारीचा नंबर मिळाला, वीस दिवसांनी मेसेज आला की तक्रार निकाली निघाली. कशी निघाली? कंपनीने कळवलं की पॉलिसीप्रमाणे सेवा दिली आहे, झालं, बंद. मी परत फोन केला तर म्हणे आम्ही फक्त मध्यस्थ आहोत, नवीन तक्रार टाका. टाकली, तीही तशीच 'निकाली'. चौकीत गेलो तर साहेब म्हणाले, "गादी मिळाली ना तुम्हाला? मग फसवणूक कसली, हे सिव्हिल मॅटर." शेजारी बसलेल्या हवालदाराने विचारलं कितीची, मी आकडा सांगितला, तो म्हणाला "चव्वेचाळीस हजाराची गादी?" आणि दोघं एकमेकांकडे बघून हसले. तिथून पाय निघेना. माझेच पैसे गेले आणि मीच आरोपीसारखा खाली मान घालून बाहेर आलो. मोटारसायकल चोरीला गेली असती तर निदान बसायला खुर्ची तरी दिली असती.

२०२२ मध्ये बीआयएसने, म्हणजे भारतीय मानक ब्युरोने, ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी आयएस १९००० नावाचं स्टँडर्ड काढलं, तेव्हा मी बातमी वाचून खूश झालो होतो. ते ऐच्छिक आहे. ज्याला पाळायचं त्याने पाळावं! चोराला विचारायचं बाबा तुला कुलूप चालेल का. शेवटी ग्राहक आयोगात गेलोय, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे फी नाही, वकीलही सक्तीचा नाही, एवढं खरं चांगलं आहे. पण तारखा पडतायत. एकदा समोरचं कुणी आलंच नाही, एकदा माझ्याच कागदाची प्रत कमी निघाली म्हणून पुढची तारीख. दर तारखेला अर्ध्या दिवसाची रजा. तुम्ही जाणार असाल तर आधी प्रॉडक्ट पेजचे तारखेसकट स्क्रीनशॉट काढून ठेवा, कारण माझी तक्रार गेल्यावर तिथला '१०० टक्के' गुपचूप 'लॅटेक्सयुक्त' झाला. आणि वजनाची पावती. भंगारवाल्याकडे पावती नव्हती, मी परत गादी टेम्पोत घालून वजनकाट्यावर नेली, ३५० रुपये भाडं.

आता मी चाचांकडून घेतलेल्या कापसाच्या गादीवर झोपतो, ६,२००, वर्षातून एकदा पिंजून द्यायच्या बोलीवर. ती दुसरी गॅलरीत उभी आहे, पाहुणे आले की विचारतात आणि बायको माझ्याकडे बघते.

रिव्ह्यू मात्र अजून आहे तिथेच. मी काढायला सांगितला, तीन मेल केले, 'टीमकडे पाठवलं आहे' एवढंच उत्तर. मागच्या आठवड्यात उघडून बघितलं तर माझ्या 'पैसा वसूल'खाली ६३ जणांनी उपयुक्त म्हटलंय, आणि सोलापूरच्या कुणीतरी विचारलंय की सर, वडिलांच्या पाठीसाठी घ्यायची आहे, अजून चांगली आहे का? मी लगेच उत्तर टाकलं, चार ओळी, गादीच्या खऱ्या वजनासकट. आठ दिवस झाले, ते 'तपासणीत' आहे.