अमेरिकेतली शाळा की स्पेनमधला क्लब?

गेल्या आठवड्यात आयव्हरी कोस्टमधल्या अबिजानहून एका मराठी स्नेह्यांचा फोन आला. त्यांच्या शेजारचा मुलगा बास्केटबॉल खेळतो. वय पंधरा, उंची सहा फूट सात इंच. महिन्याभरात दोन निरोप आलेत. एक अमेरिकेतल्या निवासी शाळेचा, दुसरा स्पेनमधल्या क्लबचा. "तुमच्या घरात दोन्ही होऊन गेलंय, तुम्हीच सांगा," म्हणाले. अर्धा तास बोललो तरी निम्मं राहूनच गेलं, म्हणून लिहायला बसलो.

मी बसजुळणीच्या कामासाठी पिंपरीहून सेनेगलमधल्या थिएसला आलो आणि इथलाच झालो. बायको इथली. तिच्या भावाची दोन मुलं बास्केटबॉल खेळतात. मोठा २०१४ साली सोळाव्या वर्षी अमेरिकेला गेला, धाकटा २०१९ साली पंधराव्या वर्षी स्पेनला. घरात इंग्रजी मलाच येतं, त्यामुळे दोन्ही वेळचे कागद, मेल आणि मध्यरात्रीचे फोन माझ्याकडेच आले. माझ्याजवळ आहे तो एवढाच अनुभव, दोन मुलांचा. तिसऱ्याचं वेगळंही होईल.

अमेरिकेचं आकर्षण कशामुळे, हे सेनेगलमध्ये कोणाला समजावून सांगावं लागत नाही. देसगाना दिओप तिथल्या शाळेतून थेट एनबीए या तिथल्या व्यावसायिक लीगच्या २००१ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, आठव्या क्रमांकावर गेला. केबेमेरचा गोर्गी डिएंग आमच्या थिएसमधल्याच सीड या बास्केटबॉल अकादमीत घडला. तिथून वेस्ट व्हर्जिनियातली शाळा, मग लुईव्हिल विद्यापीठ, आणि २०१३ च्या ड्राफ्टमध्ये एकविसावा क्रमांक. हे नाव इथल्या प्रत्येक उंच मुलाच्या आईला पाठ आहे. आमचा मोठाही त्या अकादमीच्या निवडीला दोनदा गेला आणि दोनदा मागेच राहिला. त्यामुळे अमेरिकेतून एका कोचचा निरोप आला, तेव्हा घरात कोणी दुसरा विचारच केला नाही.

अमेरिकेकडे एक मोठी गोष्ट आहे आणि ती मी कमी लेखणार नाही. तिथे खेळ शिक्षणाला जोडलेला आहे. गुडघा गेला तरी पदवी हातात राहू शकते. मोठ्याचं तसंच झालं. तो दुसऱ्या श्रेणीच्या कॉलेजात खेळला, व्यवस्थापनाची पदवी घेतली, पोर्तुगालमध्ये एक हंगाम खेळला आणि आता डाकारमध्ये चांगल्या नोकरीत आहे. व्यावसायिक खेळाडू म्हणून त्याची कारकीर्द नऊ महिन्यांची, पण माणूस म्हणून तो स्वतःच्या पायावर उभा आहे. स्पेनच्या वाटेनं ही पदवी आपोआप मिळत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

पण कॉलेजच्या आधी शाळा येते, आणि घोडं तिथेच अडतं. प्रथम श्रेणीच्या कॉलेजात खेळायला एनसीएएला, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेज खेळांच्या संघटनेला, ठरावीक सोळा विषय लागतात, तेही त्यांनी मान्य केलेल्या शाळेतून. बास्केटबॉलसाठी काढलेल्या छोट्या शाळांचे कागद ऐन वेळी तपासणीत अडकतात. डाकारचा टाको फॉल, सात फूट पाच इंचांपेक्षा उंच, १६ व्या वर्षी गेला आणि एकामागून एक शाळा बदलत राहिला. २०१५ साली एनसीएएने त्याला आधी अपात्र ठरवलं, मग निर्णय फिरवला. टाको पुढे एनबीएमधल्या बोस्टनपर्यंत पोचला. आमच्या मोठ्याचे मात्र दोन विषय मान्य झाले नाहीत, म्हणून प्रथम श्रेणीऐवजी दुसरी श्रेणी. तीन वर्षांत तीन शाळा, तीन राज्यं. पहिली शाळा वर्षाच्या मध्यातच बास्केटबॉल बंद करून मोकळी झाली. शाळा म्हणायची कोचला विचारा, कोच म्हणायचा ज्यांच्या घरी मुलगा राहतो त्यांना विचारा, आणि ते म्हणायचे शाळेला विचारा.

हेही मी सोसलं असतं. माझा निर्णय ज्यानं फिरवला ती गोष्ट वरवर किरकोळ वाटेल. मुलगा घरी येऊ शकत नव्हता.

कोणी बंदी घातली नव्हती. एफ-१ व्हिसावर मुलगा अमेरिकेत शिकतो तो शाळेनं दिलेल्या आय-२० या कागदाच्या जोरावर. देशाबाहेर जाऊन परत यायचं, तर त्या कागदावर शाळेच्या अधिकाऱ्याची प्रवासासाठीची ताजी सही लागते. पासपोर्टवरचा व्हिसा संपलेला असेल, तर इथे डाकारच्या दूतावासात पुन्हा मुलाखत. आत राहायला संपलेला व्हिसा चालतो, परत आत यायला चालत नाही. मोठ्याचा व्हिसा संपला होता आणि शाळा नवीन होती. कोच दर उन्हाळ्यात एकच वाक्य सांगायचा: "जायला हरकत नाही, पण व्हिसा नाकारला तर सगळं संपलं." सतरा वर्षांचा मुलगा हे ऐकून तिकीट काढेल का? मी त्याचा काका असूनही "ये" म्हणायची माझी हिंमत झाली नाही.

इथे तबास्कीला, म्हणजे बकरी ईदला, घरातल्या प्रत्येकाला नवा बूबू, म्हणजे लांब झगा, शिवतात. आमच्या सासूबाई कापड डाकारमधल्या एचएलएमच्या बाजारातून आणतात, सगळ्यांना एकाच रंगाचं. २०१४ च्या तबास्कीला मोठा जाऊन दोन महिनेही झाले नव्हते. सासूबाईंनी त्याच्यासाठीही कापड घेतलं. शिंप्यानं माप मागितलं, तेव्हा मी फोनवर विचारलं आणि खांद्यापासून घोट्यापर्यंतचा आकडा कागदावर लिहून दिला. पुढच्या वर्षी पुन्हा. त्याच्याही पुढच्या वर्षी शिंप्यानंच विचारलं, "मुलगा माप द्यायला येणार नाही का?" असे पाच बूबू झाले, २०१४ ते २०१८. निळा, पांढरा, पिस्त्याच्या रंगाचा, पुन्हा पांढरा, मोरपंखी. सगळे घडी करून लोखंडी पेटीत. २०१९ च्या जूनमध्ये कॉलेजनं व्यवस्थित पत्रं दिली, व्हिसा पुन्हा मिळाला आणि तो आला. पाचांपैकी एकही त्याला बसला नाही. मोरपंखीसुद्धा नडगीपर्यंतच आला. सासूबाईंनी काही न बोलता सगळे पुन्हा घडी करून पेटीत ठेवले.

त्याच उन्हाळ्यात धाकट्याला दोन्हीकडून निरोप आले होते.

आता स्पेनचं. तिथल्या क्लबांना मुलं चौदा-पंधराव्या वर्षीच का हवी असतात, हे कळलं की त्यांची घाई समजते. चौदा ते वीस या वयात किमान तीन हंगाम स्पॅनिश फेडरेशनकडे नोंद असलेला खेळाडू तिथे 'घडवलेला' धरला जातो, आणि प्रत्येक संघात अशा खेळाडूंसाठी जागा राखीव असतात. म्हणून लवकर आणलेला परदेशी मुलगा क्लबला पुढे फायद्याचा ठरतो. यात त्यांचा स्वार्थ आहे, पण तो उघड आहे आणि मुलाच्या मुक्कामाशी जोडलेला आहे. मुलगा तिथे टिकला तरच त्यांना लाभ. डाकारचा इलिमान दिओप असाच लहान वयात स्पेनमधल्या व्हितोरियाला गेला आणि पुढे थेट स्पेनच्या राष्ट्रीय संघातून खेळला. रुफिस्कचा ब्रांकू बादिओ बार्सिलोनाच्या युवा संघातून वर आला, आणि सेनेगलकडून खेळतो. नायजेरियातल्या मकुर्डीचा जेम्स नाजी हंगेरीतल्या अकादमीतून बार्सिलोनाला पोचला, आणि २०२३ च्या ड्राफ्टमध्ये एकतिसावा निवडला गेला. तेव्हा युरोपातून एनबीएचं दार बंद असतं, असं मुळीच नाही.

त्रास इथेही आहेत. अठरा वर्षांखालच्या खेळाडूची आंतरराष्ट्रीय बदली फीबा, म्हणजे जागतिक बास्केटबॉल संघटना, सहसा होऊ देत नाही, खास परवानगी लागते. शिक्षण, राहणं, विमा, सगळ्याची हमी कागदावर. धाकट्याची परवानगी यायला इतके महिने लागले की पहिला अर्धा हंगाम तो नुसता सराव करत होता. जन्मदाखला उशिरा नोंदवलेला असेल, तर वयावरून शंका घेतात. आमचा वेळेवर नोंदवलेला होता तरी दोनदा विचारणा झाली. स्पॅनिश येत नसताना शाळेत बसणं त्याला फार जड गेलं, एक वर्ष मागे राहिला. आणि सर्वांत मोठा धोका अठराव्या वर्षी. युवा गट संपला की क्लब सरळ "आता जागा नाही" म्हणू शकतो. धाकट्याच्या गटातल्या चार परदेशी मुलांपैकी दोघांना तसं सांगितलं. त्यांच्या हातात ना करार, ना अमेरिकेसारखी शिष्यवृत्ती. हा विचार करून माझीही झोप उडाली होती.

तरीही स्पेनला माझं मन वळलं, ते एका बाईंमुळे. खेळाडूंच्या वसतिगृहाच्या व्यवस्थापक. पहिल्याच व्हिडिओ कॉलवर मी बास्केटबॉलचं काही विचारलंच नाही. विचारलं, "पहिल्या उन्हाळ्यात मुलगा घरी येईल का?" त्या म्हणाल्या, हंगाम संपला की सगळी मुलं जातात, परतीचं तिकीट क्लबकडे, फक्त राहण्याच्या कार्डाचं नूतनीकरण चालू असेल तर परत येण्याची वेगळी परवानगी आधी काढावी लागते, ती मी काढते. एका दमात. अमेरिकेतल्या तीन शाळांत तीन वर्षांत मला असं उत्तर मिळालं नव्हतं.

निर्णय अंगणात अतायाच्या, म्हणजे इथल्या चहाच्या, तीन फेऱ्या होईतो झाला. मोठा म्हणाला, अमेरिकाच. मी सोसलं म्हणून यानं पदवी सोडू नये. त्याच्या म्हणण्यात वजन होतं आणि आजही आहे. मेहुणा गप्प बसला. इथल्या वोलोफ समाजाच्या घरात बापाच्या बहिणीचा, बाजेनचा, शब्द मोठा असतो, आपल्याकडे आत्याला मान असतो त्याहूनही जास्त. माझी बायको एवढंच म्हणाली, "मला याचं माप हातानं घ्यायचंय." स्पेन ठरलं.

२०२० चा उन्हाळा कोविडमध्ये गेला. त्यानंतर धाकटा दर वर्षी आला. माद्रिदहून डाकार साडेचार तासांच्या आसपास, बार्सिलोनाहून थोडं जास्त, आणि तिकीट आम्हालाही झेपेल असं. प्रामाणिकपणे सांगायचं तर यात थोडा योगायोगही आहे. तबास्की दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते, आणि ही काही वर्षं ती नेमकी हंगाम संपल्यावर आली. पुढे ती ऐन हंगामात येईल तेव्हा त्याचाही सण चुकेल. पण उन्हाळ्यात येईलच. खेळाचं म्हणाल तर तो आज सेगुंदा एफईबीमध्ये आहे, स्पेनमधल्या तिसऱ्या पातळीच्या लीगमध्ये. पगार बेताचा, घर क्लबचं. एनबीए दूरच, पण एकविसाव्या वर्षी तो खेळावर जगतो आणि घरी पैसे पाठवतो.

पैशाचं गणित अमेरिकेत आता बदललंय, हे खरं. २०२१ पासून कॉलेजच्या खेळाडूंना आपल्या नावावर, जाहिराती वगैरेंतून, कमावता येतं, आणि १ जुलै २०२५ पासून विद्यापीठंही थेट पैसे देऊ शकतात. युरोपातली अठरा-वीस वर्षांची मुलं त्यामुळे तिकडे वळताहेत. पण एफ-१ व्हिसावरच्या मुलाला तिथे राहून कमावण्यावर कडक मर्यादा आहेत, तेव्हा मध्यस्थानं मोठे आकडे सांगितले तर आधी व्हिसाचं विचारा. शिवाय २०२५ च्या जूनमध्ये सेनेगलच्या महिला राष्ट्रीय संघातल्या अनेकींना अमेरिकेनं व्हिसा नाकारला, आणि तिथलं सराव शिबिर रद्द करून डाकारमध्ये घ्यावं लागलं. देशाच्या संघाची ही गत, तर अबिजानच्या एकट्या मुलाचं काय होईल, हे मला सांगता येणार नाही.

घरीच थांबण्याचा तिसरा रस्ताही आता आहे. सेनेगलमधल्याच साली गावात एनबीएची आफ्रिका अकादमी आहे, आणि २०२१ पासून बास्केटबॉल आफ्रिका लीग चालू आहे, तिचा पहिला प्रमुख सीड उभी करणारा अमादू गालो फॉलच. अकादमीतली मुलं त्या लीगच्या संघांतून खेळतात. कॅमेरूनचा उलरिख चॉमचे २०२४ मध्ये तिथूनच थेट ड्राफ्टमध्ये गेला. पण जागा मोजक्या, म्हणून त्यावर जास्त लिहीत नाही. निवड झाली तर दोन्ही निरोप बाजूला ठेवा.

नाहीतर, मुलगा अभ्यासात खरोखर पुढे असेल, इंग्रजी बऱ्यापैकी असेल आणि शाळा जुनी, एनसीएएनं मान्य केलेली असेल, तर अमेरिकेला नाही म्हणू नका. मोठ्याची पदवी पाहून मी तसं म्हणूच शकत नाही. बाकी परिस्थितीत मी पुन्हा स्पेनच निवडीन. दोन्हीकडे विचारा मात्र तोच प्रश्न: पहिल्या उन्हाळ्यात मुलगा घरी येईल का, परतीचं तिकीट कोण काढणार, आणि कागदावर सही कोणाची? उत्तर लेखी घ्या, फ्रेंचमध्ये भाषांतर करून मुलाच्या आईला वाचून दाखवा. अबिजानच्या मुलाला त्या शाळेचं उत्तर आलं की मला कळवा, मी त्यांच्या कागदांवर नजर टाकतो.