डिस्चार्ज बुकातली चूक: रेकॉर्ड ऑफिस, ‘स्पर्श’ आणि सैनिक कल्याण कार्यालय, कोण किती कामाचं

माजी सैनिकाच्या कागदांतली चूक दुरुस्त करायला तीन दारं आहेत: आपल्या रेजिमेंटचं किंवा कोअरचं रेकॉर्ड ऑफिस, संरक्षण पेन्शनचं ‘स्पर्श’ पोर्टल आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय. तिन्ही फुकट. चौथं दार एजंटचं, त्याच्याबद्दल पुढे. हे परीक्षण जवान आणि जेसीओ (नायब सुभेदार ते सुभेदार मेजर) पेन्शनरांपुरतं आहे. अधिकाऱ्यांच्या कागदांचा रस्ता वेगळा.

कुठलंही दार ठोठावण्याआधी एक गैरसमज काढून टाकायला हवा. डिस्चार्ज बुक, म्हणजे सेवा संपताना हाती मिळणारं पुस्तक (फॉर्म आयएएफवाय-१९६४), हा मूळ कागद नाही. मूळ म्हणजे भरतीच्या दिवशी भरलेला एनरोलमेंट फॉर्म आणि नोकरीभर चालणारा शीट रोल. लग्न, मुलांचे जन्म, बढती हे सगळं पार्ट टू ऑर्डरने, म्हणजे लेखी नोंद-आदेशाने, शीट रोलवर चढतं. त्याच्यावरून डिस्चार्ज बुक लिहिलं जातं. रेकॉर्ड ऑफिसने पाठवलेल्या तपशिलावर लष्कराची पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजुरीचा आदेश, प्रयागराजच्या पीसीडीए (पेन्शन) या संरक्षण लेखा कार्यालयातून निघते. चूक या साखळीत जिथे शिरली तिथेच निघते. पार्ट टू ऑर्डरमध्ये बायकोचं नाव चुकलं असताना ‘स्पर्श’वर कितीही तक्रारी टाका, ती फिरून रेकॉर्ड ऑफिसच्या टेबलावरच येणार.

म्हणून पहिला खर्च दहा रुपयांचा. माहिती अधिकाराखाली रेकॉर्ड ऑफिसच्या माहिती अधिकाऱ्याला अर्ज करायचा, १० रुपयांची पोस्टल ऑर्डर जोडायची आणि तीन गोष्टींच्या साक्षांकित प्रती मागायच्या: एनरोलमेंट फॉर्म, शीट रोल, लग्न व मुलांच्या नोंदींच्या पार्ट टू ऑर्डर. उत्तराची मुदत ३० दिवस. ‘माझे सर्व रेकॉर्ड द्यावे’ असं मोघम लिहिलं तर उत्तरही मोघमच येतं. बिनपेन्शनचे निवृत्त झालेल्यांनी इथे दिरंगाई करू नये. त्यांचे सेवेचे कागद २५ वर्षांनंतर नष्ट केले जातात, मग लाँग रोल या कायम नोंदवहीतली एखादी ओळ तेवढी हाती लागते.

आता रेकॉर्ड ऑफिस. तीनपैकी खरं काम करणारं हे एकच दार, आणि तिथलं काम अर्जाच्या दर्जावर फार अवलंबून असतं. मराठा लाइट इन्फंट्रीचं ऑफिस बेळगावात, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला, तोफखान्याचं नाशिक रोड कॅम्पला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला, आर्मर्ड कोअरचं अहिल्यानगरला, सिग्नल्सचं जबलपूरला, ईएमईचं (इलेक्ट्रॉनिक्स व मेकॅनिकल इंजिनिअर्सची कोअर) सिकंदराबादला. नौसैनिकांचे कागद मुंबईत मानखुर्दच्या ब्युरो ऑफ सेलर्सकडे, हवाई दलाच्या जवानांचे दिल्लीत सुब्रतो पार्कला.

अर्ज एका पानाचा हवा. वर आर्मी नंबर, तोही शेवटच्या अक्षरासकट. हे अक्षर गाळणं ही सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात महागात पडणारी चूक आहे, कारण ते नंबर तपासण्यासाठीच असतं. नायब सुभेदार झाल्यावर जेसी नंबर मिळाला असेल तर जुना आणि नवा दोन्ही लिहा, कारण लग्नाची पार्ट टू ऑर्डर बहुतेक जुन्या नंबरवर निघालेली असते. त्याखाली पीपीओ नंबर. मग तीन रकाने: कागदात काय आहे, काय हवं, पुरावा कोणता. नोकरीचा इतिहास, केलेल्या लढायांचं वर्णन, साहेबांना विनंती यातलं काहीही नको. एका अर्जात एकच चूक. नाव, जन्मतारीख आणि सर्व्हिस तिन्ही एकाच पानावर कोंबली की अर्ज तीन टेबलांवर फिरतो आणि सगळ्यात अवघड मुद्द्यापाशी तिन्ही अडकतात.

मूळ डिस्चार्ज बुक पहिल्याच अर्जासोबत पाठवू नका. बुकात खाडाखोड करून रेकॉर्ड ऑफिसरची सही आणि शिक्का घ्यायचा असेल तर ते मागवून घेतात. पाठवायच्या आधी कोऱ्या पानांसकट प्रत्येक पानाची रंगीत प्रत काढून साक्षांकित करून ठेवा. आणि घरी बसून निळ्या पेनाने स्पेलिंग ‘नीट’ करण्याचा मोह आवरा. रेकॉर्ड ऑफिसरच्या सहीविना झालेला बदल हा फेरफारच ठरतो, मग तो कितीही बरोबर असो.

नावाच्या चुका आपल्याकडे अमाप, आणि त्यांची कारणं अगदी मराठी आहेत. हिंदी पट्ट्यातल्या कारकुनाच्या हातून चव्हाणचा चौहान होतो, काळेचा काले होतो. भरतीच्या वेळी आडनावच न लिहिल्याने नुसता ‘मारुती पांडुरंग’ उरतो. पण सगळ्यात मोठी गोची बायकोच्या नावाची. माहेरी शांता, सासरी सुमन, गावात सुमनबाई. जुन्या काळात विवाह नोंदणीचा दाखला क्वचितच असे, जवान सांगेल ते नाव पार्ट टू ऑर्डरवर चढे. आधार कार्ड मात्र वेगळ्याच नावाने निघालं. जवान हयात असताना याने फारसं अडत नाही. तो गेला की फॅमिली पेन्शन थेट इथे थांबते.

स्पेलिंगचा फरक असेल तर सोपं आहे: दोन्ही नावांची व्यक्ती एकच आहे असं प्रतिज्ञापत्र, आधार, पॅन आणि सरपंच किंवा नगरसेवकाचा दाखला. नावच वेगळं असेल तर प्रतिज्ञापत्र प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांसमोरचं हवं, सोबत दोन दैनिकांतल्या जाहिराती, एक इंग्रजी आणि एक मराठी. नोटरीचं प्रतिज्ञापत्र जोडल्यामुळे परत आलेले अर्ज पुष्कळ असतात. जाहिरातीत आर्मी नंबर, हुद्दा, जवानाचं नाव, जुनं नाव आणि नवं नाव पाचही गोष्टी असल्या पाहिजेत, आणि कात्रण नव्हे तर तारखेसकट अख्खं पान जपायचं. जाहिरातीतलं स्पेलिंग आधारपेक्षा एका अक्षराने जरी वेगळं छापलं गेलं तर सगळं पुन्हा पहिल्यापासून, म्हणून छापायला जाण्यापूर्वी मजकूर स्वतः वाचा.

दरवेळी लष्कराचा कागदच बदलायला हवा असंही नाही. पार्ट टू ऑर्डर बरोबर असेल आणि आधार चुकलं असेल तर आधार बदला, ते जवळच्या केंद्रावर होतं. फक्त आधारमध्ये नाव दोनदाच आणि जन्मतारीख एकदाच बदलता येते हे ध्यानात ठेवून. ती संधी बँकेच्या पासबुकाशी जुळवण्यात घालवली आणि मग पीपीओत तिसरीच तारीख निघाली, तर हात बांधले जातात.

जवानाची स्वतःची जन्मतारीख मात्र विसरा. एनरोलमेंट फॉर्मवर जी चढली ती अंतिम, निवृत्तीनंतर शाळेचा दाखला घेऊन गेलं तरी हलत नाही, आणि नोकरीच्या अखेरीस केलेल्या अशा मागण्या सर्वोच्च न्यायालयानेही वारंवार नाकारल्या आहेत. बुकात उतरवताना लेखनिकाची चूक झाली असेल, म्हणजे एनरोलमेंट फॉर्मवर वेगळी तारीख असेल, तेवढीच दुरुस्त होते.

पत्नीची जन्मतारीख हा वेगळा आणि फार दुर्लक्षित विषय. ८० वर्षं पूर्ण होतात त्या महिन्यापासून मूळ पेन्शनवर २० टक्के जादा मिळतात, ८५ला ३०, ९०ला ४०, ९५ला ५० आणि १००ला १०० टक्के. फॅमिली पेन्शनलाही हेच लागू. पत्नीची तारीख पीपीओत रिकामी असेल तर ही वाढ आपोआप लागणार तरी कशी? तिचं वय तीन वर्षांनी कमी लिहिलं असेल तर तीन वर्षांचे २० टक्के गेले. जुन्या बायकांच्या आधारवर सर्रास १ जानेवारी असते, कारण फक्त वर्ष सांगितलं गेलं होतं. शाळा सोडल्याचा दाखला मिळत असेल तर आधी आधार त्याच्याशी जुळवा, मग रेकॉर्ड ऑफिसला लिहा. उलट क्रमाने केलं तर दोनदा अर्ज करावा लागतो.

पैशाच्या दृष्टीने सगळ्यात चिवट चूक क्वालिफाइंग सर्व्हिसची, म्हणजे पेन्शनसाठी धरल्या जाणाऱ्या सेवेची. पेन्शनसाठी सेवा सहा-सहा महिन्यांच्या टप्प्यांत मोजतात, आणि तीन महिने किंवा त्याहून जास्त उरले तर ते अर्धं वर्ष धरतात. भरती १ एप्रिल १९९० ची, निवृत्ती ३० जून २००७ ची: बरोबर १७ वर्षं ३ महिने, म्हणजे हिशेबात साडेसतरा. बुकात भरतीची तारीख चुकून ५ एप्रिल पडली तर १७ वर्षं २ महिने २६ दिवस, म्हणजे हिशेबात सतराच. चार दिवसांची चूक, पण ओआरओपीच्या (समान हुद्दा, समान पेन्शन) तक्त्यात ओळ बदलते. ओआरओपी १ जुलै २०१४ पासून लागू झाली आणि १ जुलै २०१९ व १ जुलै २०२४ ला तक्ते पुन्हा आले. चूक प्रत्येक तक्त्यात सोबत चालते. म्हणून स्वतःच्या पीपीओवरची सेवा, हुद्दा आणि ग्रुप (ट्रेडनुसार ठरलेला वर्ग) हे तिन्ही तक्त्याशी ताडून बघा. सेवा कमी दिसली तर आधी नॉन-क्वालिफाइंग दिवसांचा रकाना पाहा. गैरहजेरी किंवा शिक्षेचे दिवस वजा झाले असतील तर ती चूक नव्हे, आणि त्याबद्दलचा अर्ज वाया जातो.

हवालदार निवृत्त होऊन नंतर ऑनररी नायब सुभेदार झाला असेल तर डिस्चार्ज बुकात हवालदारच राहतो. तो सन्मान २६ जानेवारी किंवा १५ ऑगस्टच्या यादीत आलेला असतो. बुक दुरुस्त करत बसण्यापेक्षा त्या यादीचा हवाला देऊन रेकॉर्ड ऑफिसकडे थेट सुधारित पीपीओ मागा.

आणि एक चूक जी चूक नाहीच. १९७५ साली सावंतवाडीहून भरती झालेल्या जवानाच्या बुकात जिल्हा रत्नागिरीच असणार, कारण सिंधुदुर्ग १९८१ साली झाला. लातूरचे जुने जवान उस्मानाबादचे दिसतील, पालघरचे ठाण्याचे. आता तर उस्मानाबादचं धाराशिव आणि अहमदनगरचं अहिल्यानगर झालं. हे बदलायला अर्ज करू नका. सध्याच्या पत्त्याचा पुरावा वेगळा जोडला की काम भागतं.

बाहेर पडण्याचं कारण आणि कॅरेक्टर (वर्तणुकीचा शेरा) हे रकाने कारकुनी नाहीत. आर्मी रूल १३ खाली कोणत्या बाबीने डिस्चार्ज झाला यावर माजी सैनिकाचा दर्जाच ठरू शकतो. ‘स्वतःच्या विनंतीवरून’ की ‘मुदत पूर्ण झाल्यामुळे’, हा फरक नोकरीतल्या राखीव जागेपर्यंत जातो. मूळ आदेशातलंच कारण वेगळं असेल आणि बुकात चुकीचं उतरलं असेल तर रेकॉर्ड ऑफिस दुरुस्त करतं. आदेशच अन्यायाचा वाटत असेल तर तो दुरुस्तीचा अर्ज राहत नाही, ते रिप्रेझेंटेशन, म्हणजे वरिष्ठांकडे मागितलेली दाद होतं. अपंगत्वाची टक्केवारी आणि ते सेवेमुळे आलं की नाही हा मेडिकल बोर्डाचा निर्णय असतो, त्याला अपीलच लागतं.

‘स्पर्श’ पोर्टल कशासाठी चांगलं? मोबाइल, ईमेल, पत्ता, बँक खातं आणि हयातीचा दाखला यांसाठी. आपली पीपीओ आणि डेटा घरबसल्या दिसतो हा त्याचा मोठा फायदा, आणि बँकेतून ‘स्पर्श’मध्ये आलेल्या जुन्या पेन्शनरांनी तो निदान एकदा ओळ न ओळ वाचायलाच हवा. जोडीदाराची जन्मतारीख, ग्रुप आणि हुद्दा आधी पाहा. रिकामा रकाना दिसला तर तिथेच स्क्रीनशॉट काढा. तक्रार टाकताना एका तक्रारीत एकच विषय, सोबत कागदांची पीडीएफ, आणि तक्रार क्रमांक वहीत. ‘निकाली’ असा शेरा आला म्हणजे काम झालं असं नाही. कित्येकदा त्याचा अर्थ ‘रेकॉर्ड ऑफिसशी संपर्क साधा’ इतकाच असतो. शेऱ्याखालचा मजकूर उघडून वाचा.

जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय स्वतः काहीच दुरुस्त करू शकत नाही, तरी तिथे जावंच. अर्ज तपासून त्यावर शिफारशीची सही आणि शिक्का मिळतो, कागद साक्षांकित होतात, आणि विधवा भगिनींना फॉर्म भरून देणारं हे सगळ्यात जवळचं ठिकाण. सकाळी लवकर गेलेलं बरं. एजंटाकडे यातलं एकही काम असं नाही जे इथे होत नाही. शिवाय एजंट ओटीपी मागतो, आणि ‘स्पर्श’चा ओटीपी दिला की बँक खातं बदलण्याची चावीच दिल्यासारखं आहे.

रेकॉर्ड ऑफिसने लेखी नकार दिला तर सशस्त्र दल न्यायाधिकरण, त्याचं एक पीठ मुंबईत आहे. अंतिम आदेशापासून सहा महिन्यांची मुदत. रिप्रेझेंटेशनला सहा महिने उत्तरच आलं नाही तर त्यानंतरचे सहा महिने. पेन्शनचं नुकसान दरमहा चालू असल्याने उशीर झालेले दावेही ऐकले जातात, पण सर्वोच्च न्यायालयाच्या २००८ च्या तरसेम सिंग निकालापासून थकबाकी सहसा दावा दाखल करण्याआधीच्या तीन वर्षांपुरतीच मिळते. म्हणून अर्ज पाठवल्याच्या पोस्टाच्या पावत्या जपून ठेवा.

सुधारित पीपीओ हातात आली की पुन्हा वाचा. नाव सुधारताना जन्मतारीख कोरी राहिलेली किंवा आर्मी नंबरचं शेवटचं अक्षर बदललेलं सापडतं. मग तीच प्रत ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना), बँक आणि जिल्हा सैनिक कार्यालयात देऊन पोच घ्या, कारण या तिघांचे रेकॉर्ड आपसांत बोलत नाहीत.