हंगामात माणसे वाढवावीत की मेनू आखडावा?

नाशिकमध्ये हॉटेल चालवणाऱ्याच्या वाट्याला वर्षातून एकच हंगाम येत नाही. श्रावणातल्या सोमवारी त्र्यंबकेश्वरला जाणारे, त्यातही तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीची फेरी करून परतणारे, नवरात्रात वणीच्या गडावर निघालेले, दिवाळीच्या सुट्टीत शिर्डी आणि त्र्यंबक एकाच दौऱ्यात उरकणारी कुटुंबे आणि डिसेंबरअखेरीस वायनरी पाहायला मुंबई-पुण्याहून उतरणारी मंडळी, अशी ही रांग आहे. यातल्या प्रत्येक गर्दीच्या आधी मालकापुढे साधारण दोन वाटा असतात. नेहमीचा मेनू पूर्ण चालू ठेवून रोजावर जादा माणसे घ्यायची, किंवा आहे त्याच माणसांत भागवून मेनू निम्म्यावर आणायचा. माझ्या शाकाहारी, मध्यम आकाराच्या हॉटेलात मी दोन्ही वाटांनी गेलो आहे. सिलिंडर आणि किराणा आगाऊ भरणे, फ्रीज तपासून घेणे ही कामे कोणतीही वाट धरली तरी चुकत नाहीत, म्हणून ती येथे सोडून देतो.

माणसे वाढवण्याचा मोठा फायदा असा की रोजचे गिऱ्हाईक दुखावत नाही. कॉलनीतले जे कुटुंब बाराही महिने रविवारी येते, त्याला दिवाळीच्या आठवड्यात ‘आज ते मिळणार नाही’ असे सांगणे जड जाते. शिवाय सूप आणि स्टार्टर चालू राहिले तर प्रत्येक टेबलाचे बिल चढे राहते. माणसे मिळतात की नाही, हे मात्र पंचांगावर ठरते. चातुर्मासात लग्ने नसल्यामुळे श्रावणात आणि नवरात्रात केटरिंगकडची मुले मोकळी असतात आणि ठेकेदाराला एक फोन केला तरी चालते. तुळशीच्या लग्नानंतर तीच मुले मिळवण्यासाठी मिनतवारी करावी लागते. दिवाळीची अडचण तर याहून वेगळी आहे. पाडवा-भाऊबीज उरकून लोक फिरायला बाहेर पडतात, नेमकी त्याच सुमारास उत्तर भारतातली तंदूरवाली आणि भट्टीवरची मंडळी छठसाठी गावी गेलेली असतात. पेठ-सुरगाण्याकडची मुले सणाला घरी असतात आणि दिंडोरी-निफाडच्या बाजूला द्राक्षबागांच्या ऑक्टोबर छाटणीची कामे चालू असल्याने तिकडचे मजूरही हाताशी लागत नाहीत. म्हणजे जादा हातांची गरज सर्वांत जास्त असते तेव्हाच ते सर्वांत कमी मिळतात.

तरीही ती मिळाली असे धरू. केटरिंगचा मुलगा वाढण्यात तरबेज असतो, पण लग्नाच्या पंगतीत ऑर्डर घ्यावी लागत नाही. कोणत्या टेबलाला जैन, कोणाला कमी तिखट, कोणाचा श्रावण म्हणून कांदा-लसूण नको, हे टिपून केओटीवर, म्हणजे स्वयंपाकघरात जाणाऱ्या ऑर्डरच्या चिठ्ठीवर, नीट उतरवणे ही निराळी कला आहे आणि ती एका दुपारी शिकवता येत नाही. यावर तोडगा निघतो: ऑर्डर जुन्या माणसांनीच घ्यावी आणि नव्यांनी फक्त पाणी, ताटे आणि टेबल पुसणे सांभाळावे. तेवढ्यावर ही वाट अगदीच टाकाऊ ठरत नाही, हे मान्य केले पाहिजे.

माझा निर्णय झाला तो एका वेगळ्याच त्रासामुळे, आणि तो त्रास म्हणजे मागे राहिलेला एक पदार्थ. आठ जणांचे टेबल घ्या. भाज्या आल्या, रोट्या आल्या, डाळ आली, धाकट्या नातवाचे हक्का नूडल्स तेवढे यायचे आहेत. आजी-आजोबा त्याच्यासाठी थांबतात, रोटीची कड वातड होते, वडील दर दोन मिनिटांनी हात वर करतात, आणि ज्या वेटरला ते विचारतात त्याच्या हातात काहीच नसते, कारण चायनीजची शेगडी एकच आहे आणि तिच्यापुढे आधीच पाच-सहा चिठ्ठ्या टोचलेल्या आहेत. नूडल्स येईपर्यंत इतरांची जेवणे आटोपलेली असतात, मग पोरगा एकटा खात बसतो आणि सगळे त्याच्याकडे बघत बसतात. दारात उभे असलेले पुढचे कुटुंब त्या टेबलाकडे ज्या नजरेने पाहते, ती नजर गल्ल्यावर बसलेल्या माणसालाच ठाऊक. येथे वेटर वाढवून काहीही साधत नाही. उलट ऑर्डरी लवकर घेतल्या जातात, चिठ्ठ्या आत लवकर पोचतात आणि स्वयंपाकघरातला तुंबारा वाढतो. माणसे वाढली म्हणून तंदूरचे तोंड मोठे होत नाही की ओट्याची लांबी वाढत नाही.

मेनू आखडल्यावर हा त्रास जवळजवळ नाहीसा झाला, असा माझा अनुभव आहे. पदार्थ निवडताना मी एकच कसोटी लावतो: तो आधी नव्वद टक्के तयार ठेवता येतो का? चायनीज, भरवा कुलचा आणि डोशाचे दहा प्रकार या कसोटीवर पहिल्याच फेरीत बाद होतात. हाताने थापायची भाकरीही गर्दीच्या वेळी परवडत नाही, याचे वाईट वाटते. उरतात थाळी, मसालेभात, एकाच कांदा-टोमॅटोच्या ग्रेव्हीवर निघणाऱ्या तीन-चार भाज्या आणि शेवभाजी. शेवभाजीसारखा सोयीचा पदार्थ माझ्या पाहण्यात दुसरा नाही. रस्सा सकाळीच तयार असतो, शेव मात्र वाढतेवेळीच घालायची, नाहीतर तिचा लगदा होतो. श्रावणात साबुदाण्याची खिचडी आणि भगर-आमटी ठेवावीच लागते, कारण चौघांत एक उपवासाचा निघाला आणि त्याला काही मिळाले नाही तर चौघेही उठतात.

या वाटेलाही काटे आहेत. सकाळच्या मिसळीची मटकी आदल्या दिवशी ठरवून चालत नाही. एक रात्र भिजवायची आणि पुढची रात्र मोड यायला, म्हणजे अंदाज दोन दिवस आधी बांधावा लागतो, आणि पावसाने लोक आले नाहीत तर मोडाची मटकी कोणासाठी थांबत नाही. आदल्या रात्री केलेली ग्रेव्ही मोठ्या पातेल्यात तशीच ठेवली तर मध्यभागी ती तासन्‌तास कोमट राहते आणि सकाळी आंबूस निघते. ती पसरट भांड्यांत विभागून, लवकर निववून, फ्रीजमध्ये 5 अंशांच्या खाली ठेवावी, आणि वाढेपर्यंत गरम ठेवायची असेल तर 60 अंशांच्या वर. बिलाची सरासरीही उतरते. मी याचा काटेकोर हिशेब ठेवलेला नाही. टेबले अधिक वेळा सुटतात आणि रात्री गल्ला मोजताना तूट जाणवत नाही, एवढेच सांगू शकतो.

आखडलेला मेनू वेगळ्या कागदावर छापून घ्यावा. जुन्याच पुस्तकातल्या निम्म्या पदार्थांना ‘नाही’ म्हणत राहिल्यास गिऱ्हाईक चिडते, एकपानी कागद हातात दिल्यास ते मुकाट्याने थाळी मागवते. घरपोच ऑर्डरी दुपारच्या भरात बंद ठेवलेल्या बऱ्या.

गंगापूर रोडच्या बाजूला, डिसेंबरअखेरीस निवांत बसायला येणाऱ्यांवर ज्यांचा धंदा चालतो, त्यांनी माझे ऐकू नये. तेथे स्टार्टर हाच धंदा आहे आणि माणसे वाढवणेच इष्ट. पंचवटी, द्वारका, त्र्यंबक रोड या बाजूंना मात्र मला मेनू आखडणे अधिक भरवशाचे वाटते, विशेषतः 2027 च्या सिंहस्थाचा विचार करता. पर्वणीच्या, म्हणजे मुख्य स्नानाच्या, दिवशी बाहेरची वाहने शहराच्या वेशीवरच थांबवली जातात, त्यामुळे रोजावरची माणसे आणि भाजीचा टेम्पो या दोहोंचा भरवसा धरता येत नाही. हॉटेलातच मुक्कामाला राहू शकतील तेवढ्या माणसांत काय शिजेल, यावरूनच तेव्हा मेनू ठरवावा लागेल.

जादा माणसाचा रोज एकाच ठिकाणी द्यावा, असे मी सुचवीन, आणि ते ठिकाण म्हणजे मोरी. थाळी सुरू झाली की प्रत्येक गिऱ्हाईकामागे एका ताटाबरोबर चार-पाच वाट्या आत येतात, आणि दुपारी दोनच्या सुमारास भात तयार असूनही वाट्यांवाचून थाळी अडते.