सीबीटी कोचिंग: काही महिने वापरल्यावर

टाळाटाळ, मीटिंगमध्ये तोंड न उघडणं, साधा मेलही पाच-पाच वेळा वाचून पाठवणं, असं एखादं नेमकं दुखणं घेऊन गेलात तर सीबीटी कोचिंग, म्हणजे विचार आणि वागणं तपासून बदलणाऱ्या कॉग्निटिव्ह बिहेविअर थेरपीवर आधारलेलं कोचिंग, उपयोगी पडतं. 'आत्मविश्वास वाढवायचाय' एवढंच घेऊन गेलात तर गप्पा छान होतात आणि फी जाते.

पद्धत नवी नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसचं ए-बी-सी इथेही आहे, मराठीत कि. मो. फडके यांच्यामुळे ते विवेकनिष्ठ मानसोपचार म्हणून ओळखीचं झालं. ए म्हणजे घटना, बी म्हणजे तिच्याबद्दलची समजूत, सी म्हणजे त्यातून आलेली भावना आणि वागणं.

या तीन रकान्यांचा तक्ता पहिल्याच आठवड्यात हातात पडतो आणि बहुतेकांचं गाडं तिथेच अडतं. बीच्या रकान्यात 'मला जमेल का?' असा प्रश्न लिहिला की पुढे तपासायला काही उरत नाही. 'मला जमणार नाही आणि साहेब मला नालायक समजतील' असं सरळ विधान लिहा आणि त्यावर किती विश्वास बसतोय ते 0 ते 100 मध्ये मांडा. नोंद तासाभरात करा, मोबाइलवर दोन ओळी का होईनात. रात्री एकदम लिहायला बसलं की तक्ता सुबक होतो, पण खोटा.

मूळ समजुतीच्या जागी जो पर्यायी विचार लिहायचा, त्यातही गोची होते. 'सगळं छान होईल' यावर लिहिणाऱ्याचाच विश्वास नसतो. 'उत्तर नाही आलं तर उद्या कळवतो म्हणेन. लाज वाटेल, पण नोकरी जाणार नाही' हे रूक्ष वाक्य जास्त टिकतं. मूळ समजुतीवरचा विश्वास 80 वरून 55 वर आला तरी पुष्कळ झालं.

खरा फरक पडतो तो प्रयोगांनी. मीटिंगआधी भाकीत लिहायचं: 'मी प्रश्न विचारला तर लोक हसतील, 70.' हसले हे कशावरून ठरवणार, तेही आधीच लिहायचं; नाहीतर कुणाची भुवई हलली तरी मन तो पुरावा धरतं. मग एकच प्रश्न विचारायचा आणि काय घडलं ते भाकिताशेजारी नोंदवायचं. इथे घात करतात त्या बचावाच्या युक्त्या: प्रश्न कागदावरून वाचणं, 'फालतू वाटेल, पण' अशी सुरुवात करणं. सगळं नीट पार पडतं, श्रेय युक्तीला जातं आणि समजूत जागच्या जागी राहते. एका वेळी एक युक्ती सोडा. आठवड्याला दोन प्रयोग पुरे. साहेब खरोखरच अंगावर ओरडत असतील तर मात्र बीवर काम करत बसणं अन्यायाचं आहे. तिथे तक्रार किंवा बदली हाच उपाय.

पुराव्याबद्दल थोडं. ऑस्ट्रेलियातल्या 2006 च्या एका अभ्यासात 10 आठवड्यांच्या गट-कोचिंगचे काही फायदे 30 आठवड्यांपर्यंत टिकले. तुलना मात्र प्रतीक्षायादीतल्या लोकांशी होती. म्हणजे काहीच न करण्यापेक्षा हे बरं. इतर पद्धतींपेक्षा सरस आहे का, हे त्यातून कळत नाही.

सत्रं 45 ते 60 मिनिटांची, सुरुवातीला दर आठवड्याला, सहा-आठ झाल्यावर पंधरवड्याने. वर्षभर साप्ताहिक सत्रं चालू असतील तर काहीतरी बिनसलंय.

सुरू करण्याआधी पीएचक्यू-9 ही नैराश्याची लक्षणं तपासणारी प्रश्नावली भरा. ती मराठीतही आहे. बेरीज 10 किंवा जास्त आली तर कोचऐवजी मानसोपचारतज्ज्ञ किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट गाठा. स्वतःला इजा करण्याबद्दलच्या शेवटच्या प्रश्नाला शून्याखेरीज काहीही उत्तर असेल तर लगेच. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो.

आपल्याकडे कोच म्हणवून घ्यायला परवाना लागत नाही. म्हणून पहिल्याच फोनवर दोन गोष्टी विचारा: मधल्या आठवड्यात काय करायला लावता, आणि कोणत्या टप्प्यावर मला दुसऱ्याकडे पाठवाल? 'तशी वेळच येत नाही' असं उत्तर आलं तर फी भरू नका.