बडतर्फीच्या अधिकाराचा इतिहास सांगणारे एक विनामूल्य संकेतस्थळ

अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष मनात येईल तेव्हा अधिकाऱ्याला पदावरून दूर करू शकतो का, आणि काँग्रेस (तिथली संसद) कायदा करून त्याला कितपत अडवू शकते, हा वाद तिथे 1789 पासून सुरू आहे. तो मुळापासून समजून घेऊ इच्छिणाऱ्यांना मी ‘कॉन्स्टिट्यूशन ॲनोटेटेड’ हे संकेतस्थळ आग्रहाने सुचवेन. ते पाहण्यासाठी पैसे किंवा नोंदणी लागत नाही. लायब्ररी ऑफ काँग्रेसमधील संशोधन विभाग ते चालवतो. घटनेचे हे सटीप विवरण अद्ययावत ठेवण्याची जबाबदारी 1970 च्या कायद्याने या ग्रंथालयावर टाकलेली आहे.

म्हणजे वादातील एका बाजूच्याच संस्थेने हा इतिहास लिहिला आहे, त्यामुळे तो काँग्रेसकडे झुकलेला असेल अशी शंका घेऊन वाचायला बसणे रास्तच आहे. महाभियोगाखेरीज बडतर्फीबद्दल राज्यघटनेत काहीच म्हटलेले नसल्याने राष्ट्राध्यक्षाच्या अधिकारांविषयीच्या दुसऱ्या अनुच्छेदाखालील हे विवेचन प्रामुख्याने प्रथा आणि निकाल यांवर उभे आहे. त्यात काँग्रेसचे पराभवही सरळपणे मांडले आहेत. पोस्टमास्तरला काढण्यासाठी सिनेटची, म्हणजे काँग्रेसच्या वरिष्ठ सभागृहाची, संमती आवश्यक करणारा 1876 चा कायदा बाजूला ठेवून राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी 1920 मध्ये पोर्टलंडचे पोस्टमास्तर फ्रँक मायर्स यांना बडतर्फ केले आणि 1926 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती अट घटनाबाह्य ठरवली. तो निकाल लिहिणारे सरन्यायाधीश टॅफ्ट स्वतः माजी राष्ट्राध्यक्ष होते, हे लक्षात ठेवून वाचल्यास त्यातील आवेश अधिक उमगतो.

माझ्या मते सर्वांत मोलाचा भाग 1935 च्या निकालाचा आहे. फेडरल ट्रेड कमिशन या व्यापारावर देखरेख करणाऱ्या आयोगाचे सदस्य विल्यम हम्फ्री यांना राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी 1933 मध्ये केवळ धोरणात्मक मतभेदावरून काढले. पुढे हम्फ्री वारले आणि थकलेल्या पगारासाठी त्यांच्या मृत्युपत्राच्या व्यवस्थापकाने दावा लावला. न्यायालयाने काँग्रेसने बडतर्फीच्या कारणांवर घातलेली मर्यादा एकमताने उचलून धरली, कारण आयोगाचे काम अंशतः कायदे करण्याच्या आणि अंशतः न्यायदानाच्या स्वरूपाचे आहे, असे त्याला वाटले. एका पगाराच्या दाव्यातून स्वतंत्र आयोगांना संरक्षण कसे मिळाले, हे प्रत्येक जिज्ञासूने वाचायला हवे.

उणिवाही आहेत. इंग्रजी कायदेशीर वळणाचे आहे, तळटीपा दाट आहेत, आणि असहमत न्यायमूर्तींचे युक्तिवाद पूर्णपणे समजून घ्यायला मूळ निकालपत्रेच उघडावी लागतात. सरकारी अधिकाऱ्यांची चौकशी करणाऱ्या स्वतंत्र अभियोक्त्याच्या बडतर्फीवरील मर्यादा मान्य करणाऱ्या 1988 च्या निकालात एकट्याने विरोधात उभे राहिलेल्या न्यायमूर्ती स्कॅलिया यांच्याबाबतीत तर ते टाळूच नये.

नव्या वाचकाने आधी 1935, मग मागे जाऊन 1926 आणि शेवटी 2020 चा निकाल वाचावा. अकार्यक्षमता, कर्तव्यात कसूर आणि पदावरील गैरवर्तन ही फेडरल ट्रेड कमिशनच्या 1914 च्या कायद्यातील बडतर्फीची तीन कारणेच काँग्रेसने 2010 मध्ये ग्राहक वित्त संरक्षण विभागाच्या संचालकासाठी घातली होती. 1935 मध्ये टिकलेली ती मर्यादा 2020 मध्ये मात्र 5 विरुद्ध 4 मतांनी रद्द झाली, कारण तिथे अनेक सदस्यांच्या आयोगाऐवजी एकाच व्यक्तीच्या हाती कारभार होता.