फायबरग्लास बोटीच्या तळाचा जुना रंग काढला: जेल रिमूव्हर आणि कार्बाइड स्क्रॅपरचा हंगामभराचा अनुभव

फायबरग्लाससाठी वेगळा बनवलेला, पाण्याने धुता येणारा जेल रिमूव्हर आणि कार्बाइडच्या पात्याचा स्क्रॅपर, या दोन गोष्टींनी मी माझ्या बोटीच्या तळाचा जुना रंग काढला. त्यावर नवं अस्तर आणि नवं अँटिफाउलिंग (शेवाळ आणि समुद्री जीव तळाला चिकटू न देणारा रंग) चढलं, बोट अख्खा हंगाम पाण्यात राहिली. आता ती वर ओढून, तळ धुऊन, हात फिरवून पाहिल्यावर हे लिहितोय. रंग सुटतो की नाही हे दुसऱ्या दिवशीच कळतं. खालचा जेलकोट, म्हणजे फायबरग्लासचा बाहेरचा थर, कसा राहिला आणि नवा रंग त्याला धरून राहिला का, हे कळायला महिने जावे लागतात, आणि रिमूव्हरची खरी परीक्षा तीच आहे.

जुना रंग पूर्ण काढायची गरज प्रत्येक बोटीला नसते. थर घट्ट असतील तर वॉटर पेपर मारून वरून नवा हात देणं पुरतं. माझ्या तळावर मात्र वर्षानुवर्षांचे हात एकावर एक चढले होते आणि पोपडे अगदी खालच्या थरापासून सुटत होते. अशा तळावर कितीही चांगला रंग मारा, तो जुन्या पोपड्यासकट गळून पडतो. शिवाय खडबडीत तळ पाण्यात बोटीला मागे ओढतो, म्हणजे वेग कमी आणि इंधन जास्त.

फायबरग्लासवर जपून काम करावं लागतं ते जेलकोटमुळे. रेझिनचा हा बाहेरचा थर साधारण अर्धा मिलिमीटर जाडीचा असतो आणि त्याच्या आत काचतंतूंचे थर. पाणी जेलकोटमधून तसंही अगदी हळूहळू झिरपत असतं. आत गेल्यावर रेझिनमधले विरघळणारे घटक त्यात मिसळतात, आंबट वासाचं द्रव तयार होतं, ते आणखी पाणी ओढून घेतं, दाब वाढतो आणि तळावर फोड येतात. यालाच ऑस्मोसिस म्हणतात. रंग काढताना जेलकोट पातळ झाला किंवा फाटला, तर या सगळ्याला आपणच वाट करून देतो.

त्यामुळे ग्राइंडर पहिल्यांदाच बाद केला. अर्धा मिलिमीटर उडवायला त्याला काही क्षण पुरतात. हीट गनही बाद. तिच्या तोंडाशी कित्येकशे अंश तापमान असतं, पॉलिएस्टर रेझिन त्याच्या कितीतरी आधी मऊ पडतं, आणि तापलेल्या अँटिफाउलिंगचा धूर विषारी असतो. वाळूचा मारा जेलकोटमध्ये खड्डे पाडतो. खायच्या सोड्याचा मारा सौम्य असतो आणि जाणकाराच्या हातात चांगला चालतो, पण त्याला मोठा कॉम्प्रेसर लागतो आणि नंतर सोड्याची पूड प्रत्येक सांध्यातून धुऊन काढावी लागते. राहिला लोखंडी दारं-ग्रिलसाठी वापरतात तसला जहाल रिमूव्हर. तो फायबरग्लासला लावूच नका. जुन्या पद्धतीच्या अशा रिमूव्हरमध्ये मिथिलीन क्लोराइड असतं, आणि रंग कुठला नि रेझिन कुठलं हे त्याला कळत नाही. जेलकोटही फुगतो, मऊ पडतो. त्याच्या वाफांनी बंद जागेत काम करणारी माणसं दगावली आहेत. अमेरिकेत २०१९ पासून घरगुती ग्राहकांना तो विकायला बंदी आहे.

माझ्या जेलमध्ये मुख्य द्रव्य बेंझिल अल्कोहोल आहे. ते रंगाच्या थरात मुरतं, रंग फुगवतं आणि खालच्या पृष्ठापासून त्याची पकड सोडवतं. हे सगळं सावकाश होतं, आणि ज्यांना घाई आहे त्यांची पहिली तक्रार इथेच येईल. मला तो सावकाशपणा हवाच होता, कारण तेवढ्या वेळात जेलकोटला काही होत नाही.

विकत घ्यायच्या आधी एक तपासणी मात्र कराच. थिनरने भिजवलेली चिंधी रंगावर थोडा वेळ दाबून धरा. रंग विरघळून चिंधीला लागला किंवा मऊ पडला, तर तो एक-डब्याचा साधा रंग. त्यावर हा जेल छान चालतो. काहीच फरक पडला नाही तर तो दोन डबे मिसळून लावायचा इपॉक्सी किंवा पॉलियुरेथेन रंग असण्याची शक्यता मोठी, आणि त्याच्यावर या जेलची मात्रा फारशी चालत नाही. तळावरची बहुतेक अँटिफाउलिंग एक-डब्याची असतात. माझंही तसंच निघालं.

मग तळावर वेगवेगळ्या ठिकाणी हाताच्या पंजाएवढे चौकोन आखले, जेल लावला आणि कमी-जास्त वेळ ठेवून पाहिलं. या चौकोनांनी सगळं काम आखून दिलं. नाळेजवळ, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाशी, थर कमी होते, तिथे काही तासांत सगळा रंग जेलकोटपासून सुटला. कीलच्या, म्हणजे तळाच्या मध्यावरच्या कण्याच्या, बाजूंना थर जाड होते, तिथे रात्रभर ठेवणं भाग होतं. कोणता थर कुठल्या रंगाचा आहे आणि अस्तर कुठे सुरू होतं, हेही चौकोनाच्या कडेला स्पष्ट वाचता आलं.

जेल ब्रशने घासून पसरवायचा नसतो, एकाच दिशेने जाड थापायचा असतो. पातळ लावला की वरवर सुकतो आणि काम थांबतं. वरून पातळ प्लास्टिकचा कागद चिकटवला की तो ओला राहतो, आणि मुळात ओला असेपर्यंतच तो काम करतो. ऊन आणि वारा दोन्ही त्याचे वैरी. थंडीतही तो मंदावतो. हवा दहा अंशांच्या खाली असेल तर त्या दिवशी डबा उघडूच नका.

नीट मुरल्यावर रंग भिजलेल्या सालीसारखा सुटतो. स्क्रॅपर इथे लागतो, आणि तो स्वतःकडे ओढून चालवायचा. पुढे ढकलला तर पात्याचं टोक जेलकोटमध्ये घुसू शकतं. कार्बाइडचं पातं साध्या पोलादापेक्षा कितीतरी जास्त वेळ धार धरतं, आणि एक कड बोथट झाली की पातं उलटून दुसरी कड वापरता येते. पण कार्बाइड ठिसूळ असतं. ते खाली फरशीवर पडलं तर कडेचा कपचा उडतो आणि मग प्रत्येक ओढीला रेघ उमटते. पात्याची टोकं मी डायमंडच्या घासणीने आधीच गोलाकार करून घेतली. साधी कानस कार्बाइडवर चालत नाही. कील जिथे तळाला मिळतो त्या खोलगट वळणात मात्र हे सरळ पातं निरुपयोगी आहे. तिथे प्लास्टिकची पट्टी आणि खरखरीत पॅड यांनीच काम झालं.

मला सगळ्यात मोलाची वाटलेली गोष्ट म्हणजे धूळ उडत नाही. अँटिफाउलिंगमध्ये तांब्याची संयुगं असतात, अनेकदा त्यासोबत इतर जीवनाशकही. कोरड्या घासणीत ते सगळं बारीक धूळ होऊन छातीत जातं. जुन्या बोटींच्या खालच्या थरांत ट्रायब्युटिलटिन हे कथिलाचं विषारी संयुगही सापडू शकतं. समुद्री जीवांवर झालेल्या घातक परिणामांमुळे त्यावर जगभर बंदी आणणारा आंतरराष्ट्रीय करार २००८ मध्ये अमलात आला. बोटीखाली ताडपत्री अंथरून ओला गाळ तसाच गोळा केला, तर जमिनीत आणि पाण्यात काही जात नाही. हा गाळ घातक कचरा म्हणूनच द्यायचा. ज्या पाण्यात आपली बोट तरंगते, तिथेच हे विष सोडणं मला कुठल्याही कारणाने पटत नाही.

धूळ नाही म्हणून बेफिकीर राहू नका. पातळ नायट्राइलचे हातमोजे या जेलने लवकर मऊ पडतात. ब्युटिल रबराचे घ्या. डोळ्यांना गॉगल हवाच, कारण बोटीखाली आडवं पडून काम करताना सगळं चेहऱ्यावरच येतं. जलरेषेवर, सेन्सरवर आणि रबरी सीलवर कागदी मास्किंग टेप लावून भागत नाही, जेल त्यातून झिरपतो. ॲल्युमिनियम फॉइलची टेप टिकली.

रंग निघाल्यावर भरपूर पाण्याने धुणं हा या जेलचा दुसरा कंटाळवाणा भाग. उरलेला अंश दिसत नाही, पण नव्या अस्तराची पकड तो बिघडवतो. दोनदा धुऊन, नीट वाळवून, मग हलका सँडर फिरवला: ८० नंबरचा पॉलिश पेपर, व्हॅक्यूम जोडलेला, तोंडावर बारीक धूळ अडवणारा पी३ फिल्टरचा मास्क. काही पट्ट्यांमध्ये जुनं इपॉक्सी अस्तर निघालंच नव्हतं. जे घट्ट होतं ते तसंच ठेवलं, फक्त त्याच्या कडा घासून सपाट केल्या. निव्वळ एकसारखं दिसावं म्हणून घट्ट इपॉक्सी ओरबाडण्यात जेलकोटचंच नुकसान आहे.

हंगामानंतर तळ असा दिसला: कुठेही मोठा पोपडा नाही, शेवाळ हलक्या धुण्याने गेलं, आणि नख लावून पाहिलं तरी रंग उचलला जात नाही. घट्ट म्हणून ठेवलेल्या जुन्या अस्तरावरही नवा रंग तितकाच पक्का बसलाय. इंजिनाला पाणी घेणाऱ्या झडपेच्या भोवती मात्र बोटाएवढ्या रुंदीच्या कड्यात रंग सुटला. त्या फटीत जेल अडकून राहतो आणि पाण्याच्या नुसत्या फवाऱ्याने निघत नाही. अशा फिटिंगभोवती जेल न लावता नुसता स्क्रॅपर चालवावा, असं माझं आता मत झालंय. फोड कुठेही नाहीत, पण ऑस्मोसिसबद्दल एका हंगामावरून कुणी निकाल देऊ नये.

जेल अंदाजापेक्षा जास्त लागतो. डब्यावर लिहिलेलं क्षेत्र एका हाताचं असतं, आणि जाड थरांना दुसरा हात लागतोच. तळाचं क्षेत्र मोजून त्याच्या दुपटीचा हिशेब धरा. उरलेला डबा घट्ट झाकण लावून सावलीत ठेवला होता. इतक्या महिन्यांनी उघडला तेव्हा वर थोडं पाणी सुटलेलं दिसलं, पण ढवळल्यावर झडपेभोवतीच्या जागेशेजारी चाचणीला लावून पाहिला तर पूर्वीइतकाच चालला.

जलरेषेच्या वरचा चकचकीत भाग दोन-डब्यांच्या पॉलियुरेथेनने रंगवलेला असेल, तर त्यासाठी हा जेल घेऊ नका. तिथे सॉफ्ट पॅड लावलेला सँडर आणि पुरेसा वेळ, हेच साधन आहे.